घोंगडं घेतलं माझ्यासाठी

चिंचलीच्या यात्रेत १,८०० रुपयांना घेतलेलं काळं घोंगडं यंदाचा हिवाळाभर वापरलं, त्याबद्दल लिहितोय. वापरलं कुणी ते पुढं कळेलच.

आधी थंडीचं सांगतो. बाहेरचे पाव्हणे आले की हमखास विचारतात, कर्नाटकात कसली हो थंडी? बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. जुनी माणसं उगाच गरिबांचं महाबळेश्वर म्हणत नव्हती. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ वर येतो. आकडा ऐकून काश्मीरवाले हसतील, पण त्यांना दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला उद्यमबागेतून दुचाकीवर वडगावला यावं लागत नाही. अनगोळ ओलांडेपर्यंत बोटं ब्रेकला चिकटलेली असतात. आणि त्यांच्या घरात निदान उबेची सोय असते. आमच्या घराला कौलं आहेत, आणि कौलांच्या फटीतून येणारा वारा कुठल्या कोपऱ्यात कधी जायचं ते ठरवून आल्यासारखा येतो.

घरात माणसं चार: आई, बायको, सातवीतली पोरगी आणि मी. मुकी जनावरं पण चारच. म्हणजे मतदान घेतलं तर बरोबरी व्हायला पाहिजे, पण पोरगी दरवेळी फुटते.

पहिली काडी. ही मुधोळ जातीची कुत्री. निदान बाप तरी मुधोळ. आई कोण ते गोकाकच्या पाव्हण्यांनी सांगितलं नाही आणि फुकट मिळतेय म्हणून आम्ही विचारलं नाही. मुधोळ गाव तिकडं बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही शिकारी जात जपली, २००५ साली टपाल खात्यानं तिच्या चित्राचं तिकीट काढलं, पुढं लष्करानंही ही कुत्री नेऊन शिकवली. हा सगळा इतिहास मी काडीला दोन-तीनदा सांगितलाय. फरक शून्य. अंगावर चरबी नाही, केस मखमलीसारखे आखूड. नोव्हेंबर लागला की लष्करी घराण्यातली ही पोर गॅसच्या सिलिंडरला टेकून थरथरत बसते.

दुसरा पाटील. पिवळा बोका. याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, त्याला आवडत नाही.

उरलेले दोघं मिरची आणि लिंबू, एक हिरवी, एक पिवळा. आमच्याकडं दुकानदार यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात. ते चूक. लव्हबर्ड आफ्रिकेतले, ही बजी, ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. आईला खरं तर विठू विठू म्हणणारा आपला पोपट पाहिजे होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पिंजऱ्यात ठेवता येत नाही म्हटल्यावर ती आठवडाभर सरकारवर रुसली होती.

तर या मंडळींना थंडीतून काढायला मी घोंगड्याआधी काय काय पैसे घातले तेही ऐका, म्हणजे घोंगड्याची किंमत कळेल. पहिल्या वर्षी पिंजऱ्याशेजारी ६० वॉटचा पिवळा बल्ब लावला. ऊब आली, पण झोप गेली. पाखरांना रात्री दहा-बारा तास अंधार लागतो. आमचा लिंबू रात्री दोनला सकाळ झाली समजून भाषण सुरू करायचा. शेजारी यंत्रमाग आहेत, त्या खटखटीत आम्ही इतकी वर्षं बिनघोर झोपलो. लिंबूपुढं हात टेकले. मग आईनं कोळशाची शेगडी काढली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावर ओरडले ते त्यावेळी. पाखराच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा त्याच्या फुप्फुसातून जाते. म्हणून तर ते एवढं उडू शकतं, आणि म्हणूनच धूर त्याला माणसाच्या कितीतरी आधी मारतो. पूर्वी कोळशाच्या खाणीत पिंजरे घेऊन उतरायचे ते याच कारणानं. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनंही पाखरं पटकन मरतात. आमच्याकडं तवा बिडाचा, तेवढं एक बरं.

काडीसाठी ऑनलाइन स्वेटर मागवला, ६४९ रुपये. मुधोळ कुत्र्याची छाती खोल आणि कंबर मुठीत मावेल एवढी. डमरूला सदरा शिवल्यासारखं काम ते. छातीला बसला तो पोटाला घागरा झाला. परत पाठवला तर म्हणाले, वस्तूवर केस आढळले, पैसे मिळणार नाहीत. कुत्र्याच्या स्वेटरवर कुणाचे केस आढळायला पाहिजे होते?

आता घोंगडं. मागच्या माघात मायाक्का देवीच्या यात्रेला चिंचलीला गेलो होतो. रायबाग तालुक्यात आहे, बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावर. यात्रेत भंडाऱ्यानं माणसं, बैल, रस्ते सगळं पिवळंधमक झालेलं असतं, आणि त्या पिवळ्यात घोंगडीवाल्यांची काळी रांग. एका म्हाताऱ्यापुढं थांबून कानडीत भाव विचारला.

"कंबळी एष्टु?"

"एरडूवरे साविर."

अडीच हजार म्हटल्यावर मी दोन पावलं पुढं गेलो, मागं आलो आणि विचारलं, "मराठीत किती?"

म्हातारा हसला नाही. "मराठीत बी तेवढंच."

मग त्यानं काठाचा एक धागा उपटला, काडेपेटी ओढली आणि माझ्या नाकापुढं तो जाळला. जळक्या केसांचा वास आला, राख चिमटीत घेतली तर भुगा झाला. शेजारच्या ढिगातल्या मऊ, रंगीत ब्लँकेटचा धागा जाळून दाखवला. तो वितळून त्याची कडक गोळी झाली. ही परीक्षा लक्षात ठेवा, कारण यात्रेत लोकर म्हणून प्लॅस्टिक विकणारे पण बसलेले असतात. शेवटी यात्रेचा उतरता दिवस आणि माझी घासाघीस, असं मिळून १,८०० ला सौदा झाला.

घोंगडं साधारण साडेआठ फूट लांब, साडेचार फूट रुंद. मधोमध जाड शिवण, म्हणजे दोन पट्ट्या विणून जोडलेल्या. शेजारच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर पावणेतीन किलो भरलं. दख्खनी मेंढीची लोकर जात्याच राठ. वर चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ केलेलं असतं. नवं घोंगडं घडी घालून भिंतीला उभं केलं तर उभं राहतं, पुठ्ठ्यासारखं.

आणि वास. रेल्वेच्या डब्यात माझ्या शेजारची जागा मिरज गाडीला कधी नव्हे ती रिकामी होती. घरी आल्यावर आईनं दारातच अडवलं.

"हे काय आणूलायस गा? आणि मेंढरं कुठं बांधणार?"

तीन दिवस अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात पडलं, तेव्हा कुठं आत आलं. वास जातो, पण पूर्ण जात नाही, हे घेणाऱ्यानं धरूनच चालावं. पावसाळी हवेत तो परत येतो.

पहिल्या रात्री मी ते पांघरलं. दहा मिनिटांत कळलं की याच्याखाली बंडी घालून झोपू नये, पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजे. सुया टोचल्यासारखं होतं. मऊ लोकरीच्या सवयीचे असाल तर याच्या वाटेला जाऊ नका. पण ऊब? नंबर एक. पहाटे पाचला जाग आली ती घामानं. आणि गोधडी घामानं चिकट होते तसं हे होत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही. धनगर पावसात याची खोळ करून डोक्यावर घेतात त्यात अर्थ आहे. चार-सहा रात्री असा राजासारखा झोपलो. मग उन्हाळा आला, घोंगडं माळ्यावर गेलं.

नोव्हेंबरात खाली काढलं, झटकलं, पलंगावर टाकलं आणि पाळीला गेलो. तिथंच चुकलं.

रात्री बाराला घरी आलो तर काडी त्यावर. ती कशी बसली ते पोरीनं सकाळी साभिनय दाखवलं: आधी कोपरा चाटला, बहुतेक खळीची चव लागली असावी. मग पुढच्या पायानं उकरलं, तीनदा गोल फिरली, नाक घालून एक घडी वर उचलली आणि आतल्या आत गुंडाळून घेतलं, नुसती नाकाची काळी टोकळी बाहेर. मी हात आत घालून बघितला. दरवर्षी ज्या बरगड्या हाताखाली थडथडायच्या, त्या गप्प होत्या. अंग गरम, श्वास संथ. आता असल्या कुत्रीला उठवून खाली बसवणारा माणूस मी नाही, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

दोन दिवसांनी पाटील आले. त्यांनी अर्धा तास पुढच्या पंजांनी घोंगडं मळलं, बायको भाकरीचं पीठ मळते त्याहून मन लावून. डोळे मिटलेले, तोंडातून घरघर. घोंगड्याचा राठपणा माणसाला टोचतो, बोक्याच्या पंजांना तोच पाहिजे असतो. एरवी काडी आणि पाटील यांचं सीमेवरचं नातं. पण घोंगड्यावर युद्धबंदी. रोज रात्री दोघंही, पाठीला पाठ लावून. मी सोलापुरी चादरीत, गुडघे पोटाशी.

आता पाखरांकडं येतो. बजी मूळची कोरड्या मुलखातली, तिथं रात्री गारही पडतं, त्यामुळं निरोगी जोडीला बेळगावची थंडी मारत नाही. पिसं फुलवून, चोच पाठीत खुपसून, एका पायावर कापसाच्या बोंडासारखी झोपतात. भीती असते ती वाऱ्याच्या झोताची. आणि पाखरू भर दुपारीही फुगून बसलं, शेपटी श्वासागणिक खालीवर व्हायला लागली तर ती थंडी नसते, दुखणं असतं, सरळ दवाखाना. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून काय केलं, तर एका शनिवारी मी कामावर असताना घोंगड्याला कात्री लावली.

बायको ब्लाउज शिवते, हात तयार आहे. एक तृतीयांश कापून पिंजऱ्याचं आच्छादन केलं आणि त्या तुकड्यातनं उरलेल्या पट्टीत काडीचा अंगरखा. हातमागाचं कापड कापलं की कडा सुटतात, म्हणून आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ त्याला लावला. मी आल्यावर भांडणार होतो, पण काडी दारात उभी होती. काळं घोंगडं, लाल काठ, पोटाखाली दोन नाड्या. छातीला मोकळा, कमरेला बेताचा. ६४९ रुपयांच्या स्वेटराला जे जमलं नाही ते. सकाळी गल्लीत नेली तर एका आजींनी विचारलं, लग्न ठरलं काय हिचं?

आच्छादनाचा मात्र पहिला प्रयोग फसला, आणि पाखरंवाल्यांनी हे नीट वाचावं. घोंगड्याला बारीक लव असते. तिसऱ्या दिवशी सकाळी आच्छादन काढलं तर मिरचीच्या चोचीतून काळा धागा लोंबत होता. रात्रभर गजांतून ओढून ओढून तिनं हाताएवढी जागा विरळ केली होती. असे तंतू पाखराच्या गळ्यातल्या पिशवीत साठून तुंबतात, आणि नखं अडकली तर पाय मुरगाळतो. डॉक्टरांना फोन केला, दोन दिवस नजर ठेवली, राळे खातेय का, शीट नीट आहे का ते बघत बसलो. काही झालं नाही. (राळे मी रविवार पेठेतून आणतो, पाखरांच्या दुकानातल्या रंगीत पाकिटात तेच असतात.) मग बायकोनं आतून त्याच इरकलीच्या पदराआधीच्या मऊ सुती भागाचं अस्तर लावलं आणि मी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा केला, कापड गजांपासून चार बोटं लांब राहील असा. पुढची बाजू उघडी. चारी बाजूंनी कोंडायचं नाही.

पोरीनं शाळेतून थर्मामीटर आणून आत-बाहेर टांगला. खोलीत १५, आच्छादनात १६. एका अंशासाठी माझं घोंगडं कापलं! पण वारा आत लागत नाही, उजेड लागत नाही, आणि मागांची खटखट त्या जाड लोकरीत बरीच मरते. संध्याकाळी सातला झाकायचं, सकाळी सातला काढायचं. लिंबूची रात्री दोनची भाषणं यंदा एकदाही झाली नाहीत.

आता तक्रार, आणि ती माझीच आहे. डिसेंबरात पाटलांनी घोंगड्यावर उलटी केली. बायको माहेरी खानापूरला. मी मोठ्या बादलीत पावडर घालून घोंगडं भिजवलं. म्हाताऱ्यानं चिंचलीत बजावलं होतं, धुवायचं नाही, डाग तेवढा गार पाण्यानं पुसायचा, ते विसरलो. भिजलेलं घोंगडं उचलायला गेलो तर कमरेतून आवाज आला. पिळता येत नाही, दोरीवर टाकलं तर दोरी तुटली. त्यात चार दिवस ढगाळ हवा. कट्ट्यावर पडलेलं, टपटपणारं, घरभर ओल्या मेंढराचा वास. भिजत घोंगडं म्हणतात ते काय असतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की लोक बेरकी हसतात. गल्लीतले एक रिटायर मास्तर रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारायचे, "काय, निकाल लागला का?" मी म्हणायचो, "नाही मास्तर, तारीख पडली." बेळगाव सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझं घोंगडं पाचव्या दिवशी वाळलं. आटलं मात्र, लांबीला वीतभर तरी कमी झालं, आणि खळ धुऊन गेल्यामुळं ताठपणा गेला. काडीला ते आधीपेक्षा जास्त आवडलं.

सांभाळायला सोपं आहे: आठवड्याला ऊन, काठीनं झटकणं, उन्हाळ्यात ठेवताना घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालतात त्या जनावरांच्या घरात अजिबात नकोत. कुत्र्या-मांजरांना आणि पाखरांनाही त्या बाधतात.

गुण द्यायचे तर ऊब दहापैकी दहा, वास तीन, मऊपणा एक. काडीनं दहा दिले असते. मिरचीला अजून आच्छादनाच्या बाहेरच्या कोपऱ्यातला तो एक धागा पाहिजे आहे, तिची नजर ढळत नाही. केस मऊ, कातडी पातळ अशी कुत्री असेल, आणि शिवणारा हात घरात असेल, तर तयार स्वेटराच्या नादी न लागता घोंगडं घ्या. पाखरांसाठीच फक्त घेत असाल तर नका घेऊ, जाड सुती चादर पुरते.

परवा आईला सांगितलं, यंदा माघात परत चिंचलीला जाणार, दुसरं घोंगडं आणायला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आण की. पण जरा लांब बघून आण. दोघांचे पाय बाहेर येतात."

कुठले दोघं ते मी विचारलं नाही. पाटील तिच्या मांडीवर होते.